रांजणावरचा पासवर्ड

आमच्या नर्सरीच्या फाटकाशी दोन रांजण आहेत. त्यांच्या मागच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने वायफायचा पासवर्ड लिहिलेला होता. पासवर्ड म्हणजे नर्सरीचाच मोबाइल नंबर. अंक एवढे मोठे, की पिंपळगाव राजाच्या बसस्टँडकडून येणाऱ्याला मोटारसायकल न थांबवता वाचता यावेत. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे भगवंतरावांनी (मी त्यांना मामाजी म्हणते), ते स्टुलावर उभं राहून स्वतः रंगवले होते. खाली लिहिलं होतं, 'पाणी प्या. बसा.'

बसायला एक सिमेंटचा बाक आहे, शेडनेटच्या हिरव्या जाळीला अगदी खेटून. रोपं न्यायला आलेले शेतकरी तिथे बसत, आणि रोपं न्यायला न आलेलेही. पुंजाजी नावाचे मामाजींचे मित्र सकाळी चहा झाला की येत आणि जेवणाच्या वेळेला उठत. त्यांना रोपं कधीच न्यायची नव्हती.

मी खामगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. भिंतीवरच्या त्या पासवर्डाशेजारून रोज जाताना मला बारीकसा त्रास व्हायचा, पण नर्सरी माझ्या कामाचा भाग नव्हती. मे महिन्यात सुट्टी लागली आणि नर्सरीही माझ्या कामाचा भाग झाली.

शेडनेटमध्ये मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये वाढतात. वरून पाइप गेलेले आहेत आणि त्यांतून धुक्यासारखं पाणी सुटतं. त्याला फॉगर म्हणतात. ऊन वाढलं की मोटरच्या खोलीतला कंट्रोलर फॉगर आपोआप सुरू करतो, गारवा आला की थांबवतो. हे सगळं फोनवरच्या ॲपवर दिसतं, आणि फोनवरून बंद-चालूही करता येतं. त्यासाठी घरातलं इंटरनेट शेडनेटपर्यंत पोचावं म्हणून माझ्या नवऱ्याने, सागरने, फाटकाजवळच्या लोखंडी खांबावर एक ॲक्सेस पॉइंट बसवून घेतला होता. पांढरी, थाळीएवढी वस्तू. घरात सगळे तिला 'डबा' म्हणतात.

त्या वर्षी जाळीच्या कडेच्या पहिल्या रांगेत उंद्रीच्या मंजुळाबाईंची मिरची होती.

मंजुळाबाई एकट्या शेती करतात. त्यांच्याकडची मिरची बाजारात मिळत नाही. तिला नावही नाही. बुटकी, जाड सालीची, वाळली की काळपट लाल होते. मागच्या हंगामात बोकड्या रोग पडला आणि त्यांच्या शेतातली सगळी झाडं आखडून गेली. वाचलेलं बी त्या एका स्टीलच्या डबीत घेऊन आमच्याकडे आल्या होत्या.

"एवढंच आहे," त्या म्हणाल्या होत्या. "तुमच्या इथं धुकं-बिकं आहे, गार राह्यते. माह्या घरी उन्हात नाही टिकन."

"थोडं मागे ठेवलं ना?" मी विचारलं.

"मागं ठेवून काय करू? पुढच्या साली उगवन याची काय खात्री?"

म्हणजे ती रोपं गेली असती तर ती मिरचीच गेली असती. दुसरीकडून आणून देण्याचा प्रश्नच नव्हता. सागरने ते ट्रे फाटकाकडच्या रांगेत ठेवले, येता-जाता नजर राहावी म्हणून.

मेच्या सुरुवातीला एका दुपारी मी सहज आत गेले तर ती सगळी रांग आडवी पडलेली. वर फॉगर गप्प. ॲप उघडलं तर त्यात 'बंद' एवढंच लिहिलेलं. कोणी बंद केलं, कधी केलं, हे ते ॲप सांगत नाही. मी चालू केलं, झारीने पाणी दिलं, संध्याकाळपर्यंत बहुतेक रोपं उठली. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं, आणि या वेळी कडेचे दोन ट्रे उठले नाहीत.

कंट्रोलरमध्ये बिघाड आहे का, हे मी आधी तपासलं. फॉगर तापमानाप्रमाणे नीट चालू-बंद होत होता. ॲपमधलं 'बंद' मात्र तापमानामुळे येत नाही. ते बटण दाबल्यावरच येतं. आणि तो कंट्रोलर असा स्वस्त, की त्याला स्वतःचा पासवर्डच नाही. आमच्या वायफायवर असलेल्या कोणाच्याही फोनमध्ये ते ॲप असेल, तर त्याला आमचा फॉगर दिसतो आणि तो बंदही करता येतो. पंचक्रोशीत पाच-सहा जणांकडे तोच कंट्रोलर आहे आणि ते सगळे आमच्या बाकावर बसून गेलेले आहेत.

संध्याकाळी जेवताना मी हे सांगितलं.

"कोन कायले बंद करीन?" मामाजी म्हणाले. "लोकं इथं रोपं न्याले येतात, मारायले नाही."

"मुद्दाम नाही, मामाजी. स्वतःच्या शेतातला समजून आपला बंद करत असतील. दोन्ही सारखेच दिसतात."

"मले खिडकीतून शेजारच्याचा पंखा दिसते. मी बंद करतो काय?"

सागर ताटात बघून हसला.

"पासवर्ड बदलावा लागेल," मी म्हटलं. "आणि भिंतीवर लिहायचा नाही."

मामाजींचा घास हातात राहिला. "म्हंजे फाटकात बसलेल्या माणसाले पाणी द्याव, अन् वायफाय मांगतलं तं नाही म्हनाव."

"पाण्याने फॉगर बंद होत नाही, मामाजी."

"भाकर घ्या," सासूबाई म्हणाल्या. पुष्पाबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्याबाई म्हणते. दोन माणसांचं बोलणं पुढे जाऊ नये असं वाटलं की त्या भाकरी वाढतात.

सकाळी मी शिडी लावून खांबावर चढले, कारण डब्याच्या सेटिंगचा पत्ता डब्याच्याच पाठीवर चिकटवलेला होता. ज्याने तो बसवला त्याने सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवला होता, म्हणजे 'ॲडमिन'. सुरक्षेच्या रकान्यात जुना प्रकार निवडलेला होता. मी दोन्ही बदललं. वायफायचा नवा पासवर्ड सोळा अक्षरांचा केला, त्यात लहान-मोठी अक्षरं, अंक आणि तीन चिन्हं. त्याच पानावर 'गेस्ट नेटवर्क' असाही एक पर्याय होता, पाहुण्यांना वेगळं वायफाय देण्याचा. तो मी बंदच ठेवला. बाकावरची गर्दी थांबवायची तर पुरती थांबवावी, असं मला वाटत होतं.

"हे काय बँकेचं लॉकर आहे काय?" सागरने पासवर्ड टाइप करता करता विचारलं. तिसऱ्या खेपेला तो बरोबर आला. मामाजींच्या आणि आत्याबाईंच्या फोनमध्ये आणि कंट्रोलरमध्ये मी स्वतः टाकून दिला. भिंतीवरच्या नंबरावर चुना फासला.

दुपारी ओसरीतून मामाजींचा आवाज आला. ते फोनवर बोलत होते.

"लिही. मोठा के. मोठा म्हंजे कॅपिटल, बे. मंग सात. मंग ते गोल असते, शेपटीवालं. आठ नाही, पुंजाजी. आठाले शेपटी असते काय? ईमेलमंधी असते ते."

मी दारात उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं आणि जराही न दचकता फोन कानावरून बाजूला धरला.

"सूनबाई, ते तिरपी दांडी कोनतं बटन दाबल्यावर येते?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. हे खोटं होतं आणि ते त्यांना कळलं. ते फोनमध्ये म्हणाले, "ठेव आता. तूच ये इकडं."

पुंजाजी आले. त्या सोळा अक्षरांची त्यांना गरजच पडली नाही. फोनमध्ये 'शेअर' दाबलं की एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र येतं, दुसऱ्याने त्याचा फोटो काढला की वायफाय जोडलं जातं. हे मामाजींना कोणी शिकवलं माहीत नाही. त्यांना आपला फोन सायलेंट कसा करायचा हे येत नाही. संध्याकाळपर्यंत बाकावर चार माणसं व्हिडिओ बघत बसली होती. त्यांतला एक जण मला पाहून म्हणाला, "मॅडम, आज नेट लय फास्ट आहे बरं."

दुसऱ्या दिवशी फॉगर पुन्हा बंद पडलेला सापडला. मी लवकर पाहिला म्हणून काही गेलं नाही.

मग मी यादी केली. प्रत्येक फोनला यंत्रातच कोरलेला बारा अक्षरांचा एक पत्ता असतो. डब्याला सांगता येतं, की एवढ्याच पत्त्यांना आत घे, पासवर्ड बरोबर असला तरी बाकी कोणाला घेऊ नको. मी पाच पत्ते टाकले. पहिला कंट्रोलरचा, दुसरा सागरचा, तिसरा मामाजींचा, मग आत्याबाईंचा आणि माझा. बाकावरून एकदम चार तोंडं वर झाली. मला समाधान वाटलं, हे मी नाकारणार नाही.

ते रात्रीपर्यंतही टिकलं नाही.

"संजीवनी, माहा फोन फिरून राह्यला," आत्याबाई म्हणाल्या. पडद्यावर गोल फिरत होतं. "कीर्तन अर्ध्यात अडलं."

"पाच मिनिटं थांबा, आत्याबाई."

"सकाळीबी पाचच मिनिटं म्हनली होतीस."

सागरचाही फोन बाहेर फेकला गेला होता. नव्या फोनांमध्ये अशी सोय असते, की कोणी माग काढू नये म्हणून फोन आपला खरा पत्ता न सांगता वेगळाच सांगतो, आणि काही फोन तो अधूनमधून बदलतातही. त्यामुळे माझ्या यादीतला पत्ता आणि फोनने सांगितलेला पत्ता जुळत नव्हता.

"म्हणजे फोन खोटं बोलून राह्यला?" सागरने विचारलं.

"हो."

"अन् तू त्याच्या भरवशावर यादी केली."

मी चारही फोनांमधली ती सोय शोधून बंद केली. प्रत्येक फोनमध्ये ती वेगळ्याच जागी होती. आत्याबाईंच्या फोनची भाषा हिंदी होती आणि त्यात ती कुठल्या नावाखाली आहे हे शोधण्यात माझी सकाळ गेली. त्या बाजूला बसून मेथी निवडत होत्या आणि काही बोलत नव्हत्या. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण शेवटी यादी पक्की झाली. बाक रिकामा झाला. फक्त पुंजाजी येऊन बसायचे, फोन न काढता, आणि मी दिसले की जोरात खाकरायचे. आता वायफायवर आमचे चार फोन आणि कंट्रोलर यांखेरीज कोणी नव्हतं. मी ते डब्याच्या पानावर दर तासाला पाहत होते.

तिसऱ्या दिवशी मी बँकेच्या कामाला खामगावला गेले. ऊन टळटळीत होतं. परत आले तर फॉगर बंद, आणि मंजुळाबाईंचे आणखी तीन ट्रे मातीऐवजी भरलेल्या कोकोपीटसकट कोरडे, रोपं काळी पडून चिकटलेली. मी ते उचलून टेबलाखाली ठेवले, नजरेसमोर नकोत म्हणून.

आता कारण काय उरलं? बाहेरचं कोणी आत येऊ शकत नव्हतं आणि तरी कोणीतरी बटण दाबत होतं. मी असा निष्कर्ष काढला, की कोणीतरी आमच्यातल्या एखाद्या फोनचा पत्ता चोरून वापरत असणार. असं करता येतं. पिंपळगावात कोणी करेल हे मला तेव्हाही ताणलेलंच वाटत होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. मी सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षेचा सर्वांत कडक, सर्वांत नवा प्रकार निवडला, डब्ल्यूपीए थ्री, आणि 'सेव्ह' दाबलं.

लगेच ॲपवर आलं, 'उपकरण सापडत नाही.'

कंट्रोलरची चिप जुनी होती. नवा प्रकार तिला येतच नव्हता. मी चोरासाठी घातलेल्या कुलपाने फॉगरलाच बाहेर ठेवलं होतं. परत आधीचा प्रकार टाकला, तरी कंट्रोलर आपोआप जोडला जाईना. मोटरच्या खोलीवर टिनाचं छप्पर आहे. आत बसून, त्याचं छोटं बटण पेनाच्या टोकाने दाबून धरत, मी ते सगळं पहिल्यापासून केलं. घाम चष्म्यावर पडत होता. कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, एकदा रिस्टार्ट करून बघा." मी फोन ठेवला.

बाहेर आले तेव्हा मामाजी रांजण धूत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "येवढी बंदी केली, तरी फवारा बंद पडतेच ना? मंग लोकं कसे काय गुन्हेगार?"

हा प्रश्न बरोबर होता. तो बरोबर आहे याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

कॉलेजात प्रयोगाचं वाचन सारखं चुकत असेल तर मी मुलांना सांगते, आधी उपकरणापाशी जाऊन बसा. मी मात्र इतके दिवस डब्याच्या पानापाशी बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडनेटमध्ये गेले, एक बादली उलटी करून दोन रांगांच्या मध्ये बसले आणि वाट पाहू लागले. वर फॉगर चालू होता. आतून जाळीपलीकडचं सगळं दिसतं. बाहेरून आतलं दिसत नाही.

पुंजाजी बाकावर होते. थोड्या वेळाने फाटकाशी ऑटो थांबली आणि मंजुळाबाई उतरल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. त्या रोपं पाहायला येणार आहेत हे मला माहीत नव्हतं. ते मेलेले ट्रे अजून टेबलाखालीच होते.

मामाजी घाईने पुढे आले. रांजणातून तांब्या भरून दिला. "लय उन्हाच्या आल्या, बाई. बसा, बसा. सरक बे पुंजाजी."

मंजुळाबाई बसल्या. वारा फाटकाकडे होता. जाळीतून फवाऱ्याचे बारीक कण त्यांच्या अंगावर जात होते.

"थांबा," मामाजी म्हणाले. "लुगडं भिजीन तुमचं. फवारा बंद करतो."

"असू द्या, भाऊ. गार वाटून राह्यलं."

"नाही, नाही. पाहुन्याच्या अंगावर पानी कायले?"

त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला आणि अंगठ्याने एकदा दाबलं. माझ्या डोक्यावरची फुसफुस थांबली. नळीच्या तोंडातून दोन-तीन थेंब पडले आणि सगळं शांत झालं.

मी उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या. त्या यादीतला तिसरा पत्ता मी माझ्या हाताने टाकला होता, एकेक अक्षर दोनदा तपासून.

जाळीचं दार लोटून मी बाहेर आले. काय बोलायचं हे ठरवलेलं नव्हतं. एवढंच निघालं, "मामाजी, फॉगर तुम्ही बंद केला?"

"हाव," ते सहज म्हणाले. "मंजुळाबाई बसल्या ना."

"रोज करता?"

"रोज कायले? पाहुने आले की."

"माह्यासाठी नाही करत बरं," पुंजाजी म्हणाले. "मले भिजू देते."

"तू कुठचा पाहुना बे? तू तं इथंच राह्यते."

"आणि पुन्हा चालू कधी करता?" मी विचारलं.

मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं असावं की सकाळी सूर्य कोण वर आणतो. "मी कायले चालू करू? ऑटो आहे ना."

मग मला सगळं कळलं. आमच्या विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला 'ऑटो'चं बटण आहे. लाइट गेली की मोटर थांबते, आली की आपोआप सुरू होते. इकडे शेतात मोटर चालू करायला आता कोणी जात नाही. ऑटोवर टाकायचं आणि विसरायचं. फॉगर आपोआप चालतो असं सागरने मामाजींना सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. पण हाताने बंद केलेला तो कंट्रोलर हाताने चालू करेपर्यंत बंदच राहतो, हे कोणी सांगितलं नव्हतं. आधी बाकाजवळच्या पाइपाला साधा कॉक होता. पाहुणे आले की मामाजी तेवढाच बंद करायचे आणि गेल्यावर उघडायचे. कंट्रोलर आला तेव्हा सागरने तो कॉक काढून टाकला आणि मामाजींच्या फोनमध्ये ॲप घालून दिलं.

मी हे सगळं त्यांना सांगितलं का? सांगितलं, पण तुटक. सुनेने सासऱ्याला चार माणसांत चूक दाखवायची, त्यातही पाहुणीसमोर, हे मला जमेना. मी एवढंच म्हटलं, "हा ऑटो तसा नाही, मामाजी. हा चालू होत नाही."

मंजुळाबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी तांब्या बाकावर ठेवला.

"म्हंजे माही रोपं?"

मी दार उघडून धरलं. त्या आत गेल्या, रांगेपाशी उभ्या राहिल्या, रिकाम्या जागा पाहिल्या. मग वाकून टेबलाखाली पाहिलं. मी काही झाकलं नव्हतं, फक्त खाली ठेवलं होतं. तरी मला चोरी उघडी पडल्यासारखं झालं. त्यांनी एक मेलेलं रोप बोटांनी उचललं, मूळ पाहिलं आणि परत ठेवलं.

"राह्यले किती?"

"निम्म्याहून जरा जास्त."

मामाजी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आले होते. आत आले नाहीत. मंजुळाबाई वळून त्यांना म्हणाल्या, आवाज न चढवता, "भाऊ, लुगडं वाळलं असतं हो माहं."

मामाजींनी फोनकडे पाहिलं. अंगठा बटणावर नेला, मग थांबले, आणि तसाच फोन माझ्यापुढे धरला. "तू चालू कर," ते म्हणाले. "माह्या हातानं नोको."

मी चालू केला. फुसफुस सुरू झाली. आम्ही तिघं त्या फवाऱ्यात उभे होतो आणि कोणी बाजूला सरकलं नाही. बाहेरून पुंजाजींचा आवाज आला, "मी घरी जाऊ काय, भगवंतराव?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून ते बसून राहिले.

निघताना मंजुळाबाई मला म्हणाल्या, "दहा-बारा रोपं तुमच्याच वावरात लावा. बियाले. मांगं ठेवाले पाह्यजे होतं, तुह्यं बरोबर होतं." मला ते ऐकून जराही बरं वाटलं नाही. मी त्यांना सांगितलं, विहिरीजवळच्या वाफ्यात लावते, तिथे मी स्वतः पाणी देईन.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा सेटिंगचं पान उघडलं. पहिल्या दिवशी बंद ठेवलेलं गेस्ट नेटवर्क सुरू केलं. त्यावर आलेल्याला यादीत नसला तरी इंटरनेट मिळतं, पण आतली उपकरणं दिसत नाहीत. घरच्या वायफायवर कंट्रोलर, सागरचा फोन आणि माझा फोन ठेवला. मामाजी शेजारी खुर्ची ओढून बसले होते. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच ते पान पाहत होते.

"माहा फोन कशात टाकून राह्यली?"

"घरच्यातच ठेवते. ॲप तेवढं काढून टाकते."

"नोको," ते म्हणाले. "मले पाहुन्याईच्यातच टाक."

"मामाजी, तसं काही नाही—"

"टाक म्हनतो ना. राखीचा फोन लागते ना त्यात?" राखी म्हणजे माझी नणंद, ती रोज रात्री व्हिडिओ कॉल करते.

"लागतो."

"मंग झालं."

मी टाकला. आत्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माहाबी त्यातच टाक. त्या घरच्या यादीत लय फिरते."

सकाळी मामाजी आणि पुंजाजींनी तो सिमेंटचा बाक पहार लावून उचकटला आणि रस्त्याच्या कडेच्या निंबाखाली नेऊन ठेवला. तिथे फवारा पोचत नाही. चुना फासलेल्या भिंतीवर मामाजींनी स्टुलावर चढून नवा पासवर्ड रंगवला. आठ अंकांचा, मीच दिला होता. 'पाणी प्या. बसा.' तसंच राहिलं.

मी निंबाखाली जाऊन बाकावर बसले. फोन पाहुण्यांच्या वायफायवर घेतला आणि फॉगरचं ॲप उघडलं. कितीतरी वेळ गोल फिरत राहिलं. मग आलं, 'उपकरण सापडत नाही.' या वेळी ते मला हवं होतं.

"काय पाहून राह्यली एवढं?" पुंजाजींनी विचारलं.

"काही दिसत नाही ना, ते पाहते."

"दिसत नाही तं मलेबी नाही दिसत," ते म्हणाले आणि त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. व्हिडिओ अर्ध्यात अडला होता. "इथं रेंजच नाही येत, बे भगवंतराव. बाक कायले हलवला?"

मामाजी स्टुलावरून उतरले, ब्रश रांजणाच्या कडेला ठेवला, निंबाकडे पाहिलं, मग खांबावरच्या डब्याकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे.

"सूनबाई," ते म्हणाले, "तो डबा जरासा इकडं तोंड करून बसवता येईन काय?"

मी शिडी आणायला गेले.